टोकनचा गट नंबर



आमचे सर आम्हाला आयकर कायदा शिकवायचे. पहिल्या तासाला ते दरांचा तक्ता सांगत नसत, कलमांकडेही वळत नसत. फळ्यावर दोन टिंबं काढायचे. एकाखाली लिहायचे 'मुंबई', दुसऱ्याखाली 'रायचूर'. मग मध्ये एक रेघ ओढून विचारायचे, "शेंगदाणे इथे गाळले, तेल तिथे विकलं. नफा कुठे झाला?"

अर्धा वर्ग म्हणायचा, विकलं तिथे. पैसा हातात आल्याशिवाय नफा कसला? उरलेला अर्धा म्हणायचा, तेल काढलं तिथे. सर दोघांनाही बोलू देत आणि तास संपता संपता खटल्याचं नाव सांगत: मुंबईचे आयकर आयुक्त विरुद्ध अहमदभाई उमरभाई आणि कंपनी, सर्वोच्च न्यायालय, १९५०. पेढी ब्रिटिश हिंदुस्थानातली, तिची एक तेलगिरणी मात्र रायचूरला. रायचूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे कराच्या हिशेबानं परमुलखात. तिथे काढलेलं काही तेल तिथेच विकलं जाई, काही मुंबईला येई. प्रश्न होता महायुद्धाच्या काळातल्या जादा नफ्यावरच्या कराचा. न्यायालयानं सांगितलं की विक्री मुंबईत झाली म्हणून सगळा नफा मुंबईचा ठरत नाही. तेल काढण्याच्या कामातून जो नफा झाला, तो रायचूरला झाला. नफ्याची वाटणी करावी लागेल.

गेली काही वर्षं मी आंतरराष्ट्रीय करआकारणी आणि डिजिटल मालमत्ता या विषयावर काम करतो आहे. माझ्या टेबलावर निवाडे आणि करार आहेत, निरनिराळ्या देशांच्या करखात्यांची परिपत्रकं आहेत. पण खरं सांगतो, त्या दोन टिंबांच्या पलीकडे मी फारसा गेलेलो नाही. फरक एवढाच पडला आहे की आता माझ्यापुढे जी वस्तू आहे तिला गिरणी नाही, गोदाम नाही, आणि तिचा बाजार चोवीस तास सगळ्या जगात उघडा असतो.

वस्तू कुठे आहे, हा प्रश्न आपल्याला इतका सरळ वाटतो की तो प्रश्न आहे हेच आपण विसरतो. जमिनीचं सोपं आहे. सातबारा काढा, गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर. जमीन उठून दुसऱ्या तालुक्यात जात नाही. सोनं लॉकरमध्ये आहे, लॉकर बँकेच्या शाखेत आहे, शाखेला पत्ता आहे. मालाची गाडी शहरात शिरायची ती जकात नाक्यावरून. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा संपली, पण तोवर नाक्यावरच्या दांडीनं 'बाहेर' आणि 'आत' यांतली सीमा डोळ्यांना दिसत होती.

शेअरपासून गोष्ट अवघड होऊ लागते. शेअर म्हणजे हक्क. हक्काला जागा कुठली? कायद्यानं उत्तर दिलं की कंपनीची सभासद नोंदवही जिथे असते, तिथे शेअर. हे उत्तर सोयीसाठी दिलेलं होतं आणि त्यावर बरीच दशकं निभावलं. मग २००७ साली व्होडाफोननं हचिसनचा भारतातला मोबाइलचा धंदा सुमारे ११.१ अब्ज डॉलरला घेतला. भारतातले टॉवर, भारतातले ग्राहक, भारत सरकारनं दिलेले परवाने. प्रत्यक्षात विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एक शेअर. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आयकर खात्याची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०१२ रोजी तो निकाल फिरवला: शेअर केमनचा, कर भारताचा नाही.

पुढे काय झालं ते आपण सगळे जाणतो. सरकारनं त्याच वर्षी कायदा बदलला. परदेशी कंपनीच्या शेअरचं मूल्य मुख्यतः भारतातल्या मालमत्तेमुळे असेल, तर तो शेअर भारतात आहे असं मानलं जाईल, आणि हे १९६२ पासून मानलं जाईल. पन्नास वर्षं मागे जाऊन कर लावण्याची ती तरतूद चुकीची होती, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. हेगच्या लवादात सप्टेंबर २०२० मध्ये भारत हरला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेनं ती मागची मागणी सोडून दिली. पण मागे जाण्याची चूक वेगळी आणि नियमाचा गाभा वेगळा. पुढच्या व्यवहारांसाठी तो नियम आजही कायद्यात आहे आणि तो योग्यच आहे. 'असं मानलं जाईल' या तीन शब्दांनी संसदेनं एक गोष्ट उघडपणे कबूल केली. हक्काची जागा निसर्ग ठरवत नाही. ती कायदा ठरवतो, म्हणजे आपण ठरवतो.

ठरवलं नाही तर काय होतं, हेही लगेच दिसलं. फॉस्टर्स ही ऑस्ट्रेलियाची बिअर. तिचा भारतातला धंदा विकला गेला, त्यात भारतात नोंदलेले ट्रेडमार्कही होते. ब्रँड भारतात रुजला, त्याची किंमत भारतातल्या विक्रीतून आली, म्हणून कर भारताचा, असं खात्याचं म्हणणं. दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २०१६ मध्ये ते नाकारलं. अमूर्त मालमत्तेची जागा म्हणजे तिच्या मालकाची जागा, हा जुना इंग्रजी तत्त्वाचा धागा न्यायालयानं धरला आणि सांगितलं की संसदेला वेगळं हवं असतं तर शेअरसाठी केलं तसं कलम तिला करता आलं असतं. ट्रेडमार्कसाठी तसं कलम नाही. त्या निकालाशी मी असहमत होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो संसदेच्या मौनाविषयीचा निकाल आहे, आणि मौन खरंच होतं.

आता टोकनकडे, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो मालमत्तेकडे येऊ. बिटकॉइन म्हणजे एका सामायिक खतावणीतली नोंद. या खतावणीच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. नोंद हलवायची तर एक गुप्त चावी लागते, आणि ही चावी म्हणजे अंकांची व अक्षरांची एक लांबलचक ओळ. ती फोनमध्ये असू शकते, कपाटातल्या कागदावर असू शकते, एखाद्याच्या नुसत्या स्मरणातही असू शकते. मग बिटकॉइन कुठे आहे? खतावणी जिथे आहे तिथे म्हणावं, तर ती सगळीकडे आहे. चावी जिथे आहे तिथे म्हणावं, तर खिशात कागद घेऊन माणूस मुंबईहून दुबईला विमानानं गेला की मालमत्ता अरबी समुद्रावरून चालली आहे असं म्हणावं लागेल.

इंग्लंडच्या न्यायालयानं याचं उत्तर एका प्राध्यापकाकडून घेतलं. ऑक्सफर्डचे अँड्र्यू डिकिन्सन यांनी २०१९ साली निघालेल्या एका ग्रंथातल्या प्रकरणात मांडलं की क्रिप्टो मालमत्तेची जागा म्हणजे तिच्या मालकाचा अधिवास. डिसेंबर २०२० मध्ये आयन सायन्सच्या प्रकरणात न्यायमूर्तींनी हे मत पुढे चालवलं. चोरीला गेलेल्या बिटकॉइनचा माग काढायचा होता, कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे लगेच ठरवायला हवं होतं. २०२२ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी अधिवासाऐवजी प्रत्यक्ष राहण्याचं ठिकाण पाहावं असं म्हटलं. ब्रिटनचं करखातंही आपल्या मार्गदर्शिकेत हेच धरतं: मालक जिथे राहतो, तिथे त्याचं टोकन.

पुस्तकातल्या एका प्रकरणातून तीन वर्षांत एवढं घडतं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. तुम्ही लिहिलेलं कोणी वाचत नाही असं समजू नका. पण डिकिन्सन यांचं उत्तर चोर शोधण्यासाठी होतं, कर वाटण्यासाठी नव्हतं. तेच उत्तर उचलून कराच्या कायद्यात बसवलं तर ज्याला देश बदलता येतो त्याला कर टाळता येतो. बाकीच्यांनी भरत राहायचं. भारतात वर्षात १८२ दिवस राहिलेला माणूस साधारणपणे इथला रहिवासी ठरतो. नफा मोठा झाला, तर ज्याला परवडतं तो विक्रीच्या आधी राहतं ठिकाण बदलेल. सांगलीचा, नांदेडचा, फोंड्याचा मुलगा बदलू शकणार नाही.

हा वाद नवा आहे असं समजण्याची चूक आपण करतो. शंभर वर्षांपूर्वी राष्ट्रसंघानं चार अर्थतज्ज्ञांना विचारलं होतं की दोन देश एकाच उत्पन्नावर कर लावतात तेव्हा काय करावं. रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तुरिनचे आयनौदी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे सेलिग्मन आणि लंडनचे सर जोसाया स्टॅम्प. यांतले लुइजी आयनौदी पुढे १९४८ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. एप्रिल १९२३ मध्ये त्यांचा अहवाल आला. माणसाचं आर्थिक नातं कोणत्या देशाशी आहे, हे पाहायला त्यांनी चार प्रश्न ठेवले: संपत्ती निर्माण कुठे झाली? ती आज कुठे आहे? तिच्यावरचा हक्क कोणत्या देशाच्या कायद्याच्या बळावर वसूल करता येतो? आणि तिचा उपभोग कुठे घेतला जातो?

चारही प्रश्न अचूक आहेत. वाटणी करताना मात्र त्यांनी बऱ्याच प्रकारच्या उत्पन्नात वजन टाकलं ते मालकाच्या देशाच्या पारड्यात, आणि तेव्हा भांडवलाचे मालक युरोप-अमेरिकेत होते. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, पण या चौघांत आपल्यासारख्या देशाचा कोणी नव्हता. पुढच्या शतकातले दुहेरी करआकारणी टाळण्याचे बहुतेक करार याच पायावर उभे राहिले.

हेच चार प्रश्न मी एका प्रकरणाला लावून पाहतो, कारण ते प्रकरण आपल्या मुंबईतून सुरू होतं. वझीरएक्स हे क्रिप्टोचं एक्स्चेंज. जुलै २०२४ मध्ये त्याच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची टोकन्स चोरीला गेली. उत्तर कोरियाशी संबंधित हॅकर यामागे असल्याचं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. ग्राहक भारतभरचे, मूळ कंपनी सिंगापूरची, म्हणून नुकसान सगळ्या ग्राहकांत वाटून घेण्याची योजना गेली सिंगापूरच्या उच्च न्यायालयात. चेन्नईची एक गुंतवणूकदार मद्रास उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं असं की चोरीला गेलेली टोकन्स वेगळ्या जातीची होती, माझी नव्हती. मग माझी का अडवून ठेवता?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं निकाल दिला. क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती धारण करता येते, दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळता येते. आणि सिंगापूरचं नाव पुढे केलं म्हणून भारतीय न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. तिनं पैसे चेन्नईच्या बँक खात्यातून पाठवले, व्यवहार भारतातून केले, म्हणून तिला इथे संरक्षण मागता येतं.

त्या चार अर्थतज्ज्ञांचा तिसरा प्रश्न आठवा. हक्क कोणत्या देशाच्या कायद्याच्या बळावर वसूल होतो? पहिल्या प्रश्नाला इथे धड उत्तर नाही, दुसऱ्याला तर नाहीच, चौथा माणूस बदलेल तसा बदलतो. तिसऱ्याचं उत्तर मात्र लख्ख मिळालं. माझं आजचं सगळं म्हणणं या तिसऱ्या प्रश्नावर उभं आहे. माझी मालमत्ता वाचवा म्हणून माणूस ज्या देशाच्या न्यायालयाच्या दारात उभा राहतो, ज्या देशाच्या बँकांतून पैसे आत आणतो आणि बाहेर नेतो, त्या देशाला त्या मालमत्तेच्या उत्पन्नात वाटा मागण्याचा हक्क आहे. कारण तो देश नसेल तर ती मालमत्ता म्हणजे कुणीही पळवून न्यावी अशी अंकांची एक ओळ आहे.

आपल्या कायद्यानं हे मांडलं आहे का? नाही. आपण उलट्या क्रमानं गेलो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना क्रिप्टोपासून दूर ठेवलं. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात एकदम कर आला. 'आभासी डिजिटल मालमत्ता' अशी व्याख्या आली. नफ्यावर सरसकट ३० टक्के, खरेदीची किंमत सोडून कोणतीही वजावट नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. पण ही मालमत्ता कुठे असते, ते सांगणारं कलम नाही. अनिवासी माणसानं भारतीय एक्स्चेंजवरचं टोकन विकलं, तर ती 'भारतातली मालमत्ता' का? फॉस्टर्सचा निकाल हातात घेऊन कोणताही हुशार वकील नाही म्हणेल, आणि आज तो जिंकेलही.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण या कराचा भार कोणावर पडतो हे मी जवळून पाहिलं आहे. माझा एक जुना विद्यार्थी एका तरुणाची कागदपत्रं घेऊन आला होता. मुलगा पगारदार, हौसेनं गुंतवणूक करणारा. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल करून सांगतो. एका टोकनमध्ये त्याला १ लाख रुपये नफा झाला, दुसऱ्यात त्याच वर्षी १ लाख रुपये तोटा. हातात आलं शून्य. कर, अधिभार सोडून नुसत्या उपकरासह, ३१,२०० रुपये. कारण एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हेच शेअरमध्ये झालं असतं तर तोटा नफ्यातून वळता झाला असता. वर टीडीएस आहेच: १ लाखाचं भांडवल महिन्यात दहा वेळा फिरवलं, तर जवळपास १०,००० रुपये परतावा मिळेपर्यंत सरकारजमा.

सट्ट्याला आळा घालायचा म्हणून ही कडक तरतूद, असं समर्थन केलं जातं. सट्टा घातक आहे हे मलाही मान्य आहे. घरची बचत यात घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. पण लॉटरीच्या बक्षिसासारखा दर लावायचा, तोटा मानायचा नाही, आणि व्याख्येत मात्र मालमत्ता म्हणायचं, याला न्याय म्हणता येत नाही. मालमत्ता म्हणायचं तर तोटाही मान्य करा. शिवाय ज्यांना सट्टाच करायचा होता, त्यांच्यातले अनेक परदेशी एक्स्चेंजवर गेले, जिथे टीडीएस कापला जात नव्हता. मार्च २०२३ मध्ये या व्यवसायाला मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आणलं गेलं, डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागानं नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या, आणि जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटी रुपये दंड झाला. तिसऱ्या प्रश्नाचं बळ इथेही दिसतं. भारतीय ग्राहक हवा, तर भारतीय कायद्याच्या दारातून आत यावं लागलं. हे दार आपल्या हातात आहे. कराच्या कायद्यात मात्र आपण त्याचा उल्लेखच केलेला नाही.

जगाच्या पातळीवरचं थोडक्यात सांगतो. डिजिटल कंपन्यांवर २०१६ मध्ये आपण ६ टक्क्यांचा समीकरण कर लावला, २०२० मध्ये २ टक्क्यांचा आणखी एक. अमेरिकेनं व्यापार-चौकशी लावली. दुसरा ऑगस्ट २०२४ मध्ये गेला, पहिला १ एप्रिल २०२५ पासून. बाजार असलेल्या देशांना नफ्यात वाटा देण्याची ओईसीडीची २०२१ ची योजना कागदावरच राहिली. क्रिप्टो व्यवहारांची माहिती देशांनी एकमेकांना देण्याची चौकट तयार आहे, दिल्लीच्या २०२३ च्या जी-२० घोषणापत्रानं ती लवकर अमलात आणा असं म्हटलं, आणि ही देवाणघेवाण २०२७ पासून सुरू व्हायची आहे. माहिती येईल. पण नवी दिल्ली आणि सिंगापूर या दोघांच्या हातात एकाच टोकनची माहिती आली, तर कर कोणी घ्यायचा, हे ती चौकट सांगत नाही. आफ्रिकी देशांच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रसंघात करसहकार्याच्या नव्या कराराची बोलणी २०२५ मध्ये सुरू झाली. अमेरिका पहिल्याच टप्प्यात उठून गेली. भारत टेबलावर आहे. १९२३ साली आपल्याला खुर्ची नव्हती, आज आहे, आणि त्या खुर्चीवर बसून आपण हा प्रश्न मांडला नाही, तर तो पुन्हा दुसरे कोणी आपल्यासाठी सोडवतील.

पण बाहेर मांडण्याआधी घरात लिहावं लागेल. नवा आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा. त्यात एक कलम असायला हवं, असं मी म्हणतो. भारतातल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या मध्यस्थाकडे ठेवलेलं टोकन, भारतातल्या ग्राहकांपुरतं, भारतात आहे असं मानावं. स्वतःच्या चावीनं स्वतःच सांभाळलेलं टोकन मालकाच्या राहत्या देशात मानावं. आणि नफा हाताशी आल्यावर देश सोडणाऱ्याच्या बाबतीत, तो भारतात राहत होता त्या काळात मूल्य जेवढं वाढलं तेवढ्यावर भारताचा हक्क राहावा. ही वाटणी रायचूर आणि मुंबईच्या वाटणीपेक्षा वेगळी नाही. आणि हे सगळं पुढच्या तारखेपासून. मागच्या तारखेपासून कधीही नाही. त्याबरोबर तोट्याची वजावट द्यावी, जशी इतर मालमत्तेला आहे.

या कलमाचा मराठी आणि इंग्रजी मसुदा मी तयार केला आहे. तीन परिच्छेदांचा आहे. सभागृहाबाहेर पुस्तकांच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. वकील आणि सीए मंडळींनी तो आपल्या हातातल्या प्रकरणांवर लावून पाहावा. कुठे तुटतो ते मला लिहून कळवावं. विद्यार्थ्यांनी त्यातल्या चुका शोधाव्यात आणि न भिता सांगाव्यात. पुढच्या अर्थसंकल्पाआधी तो अर्थ मंत्रालयाकडे पाठवायचा आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या दुरुस्त्यांसह जावा, अशी माझी विनंती आहे.